अण्णा दोनदा गेले

अण्णांचे पाय डिकीत मावेनात.

माणूस उंच. त्यात गाडी जालिंदरदादाची, सात सीटांची, मागच्या सगळ्या सीटा पाडून गादी अंथरलेली. तरी घोट्यापासून पुढचे पाय बाहेरच. वॉर्डबॉय या बाजूनं ढकलून बघत होता, त्या बाजूनं ओढून बघत होता.

"जरा वाकवू का?" त्यानं विचारलं.

"कुणाला?" आई म्हणाली.

"पायांना, आजी."

"जित्तेपणी कवा वाकलं न्हाईत. आता काय वाकत्यात."

दादा शेजारीच उभा होता, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून. "हां, बोला. हो ना, पहाटे गेले. अगदी अचानक. म्हणजे आजारी होतेच तीन महिने, पण अचानकच."

शेवटी डिकीचं दार अर्धवट उघडं ठेवून दोरीनं बांधलं. दवाखान्याची शववाहिनी समोर उभी होती, तिचा ड्रायव्हर बिचारा चहा सोडून आला होता. पण दादानं त्याला हातानंच परत पाठवलं. "माझ्या बापाला मी परक्याच्या गाडीतनं नेणार नाही. शेवटचा प्रवास आहे. मीच नेणार."

खोटं कशाला बोलू, ऐकून मलाही बरं वाटलं. माझा भाऊ तसा प्रेमळ माणूस. फक्त त्या वर्षी त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे होतं, आणि तिकीट पाहिजे असलेल्या माणसाचा फोन हा त्याच्या अंगाचाच भाग होतो. तो जेवताना फोनवर, अंघोळीला जाताना फोनवर. अण्णा दवाखान्यात असताना तो रोज यायचा, पण खोलीच्या बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत बोलत असायचा. अण्णा मला म्हणायचे, "शाले, बघ गं, तुझ्या भावाला सलाईन लावायचं झालं तर हात मोकळा हाय का एखादा."

आई मागं अण्णांच्या उशाशी बसली, मी पुढं दादाशेजारी. कोल्हापूर सोडलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. गावाला, बोरजाईवाडीला, पोचायला दोनेक तास.

पहिला फोन नाक्याच्या आतच आला. दादाच्या फोनची रिंग म्हणजे हलगी होती, कडकडून वाजणारी. मागं बाप निजलेला आणि पुढं हलगी. मी म्हटलं, "दादा, आवाज तरी बंद कर."

"आवाज बंद केला तर फोन कळणार कसा?"

"नाही कळला तर काय होईल?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी गाडीची चाकं काढून ठेवू का असं विचारलं होतं.

मग सुरूच झालं. सोसायटीचा चेअरमन, दूध संघाचा कुणी, मुंबईचे पाहुणे, सरणाची लाकडं बघणारा चुलतभाऊ. मधूनच गाडीच्या पडद्यावरची नकाशातली बाई सांगायची, पुढं डावीकडं वळा. दादा तिलाही उत्तर द्यायचा, "वळतो ना बाई." एका हातानं फोन, दुसऱ्या हातानं अण्णांच्या फोटोचं स्टेटस. स्टिअरिंगला गुडघा. मी जन्मात कधी गुडघ्यावर एवढी श्रद्धा ठेवली नव्हती.

"दादा, समोर बघ."

"रस्ता मला पाठ आहे."

"रस्ता पाठ असेल. त्यावरची माणसं रोज वेगळी असतात."

"शाले, तू शिवणक्लास चालव. गाडी मी चालवतो."

मागून आई म्हणाली, "जाल्या, ठेव त्यो फोन."

"ठेवतो आई. एवढा एकच."

तो एवढा एकच म्हणजे आबासाहेबांचा होता. आबासाहेब आमच्या तालुक्याचे साहेब, तिकीट त्यांच्याच खिशात. दादा फोनवर बोलता बोलता सीटवर ताठ झाला. उभं राहता येत नव्हतं म्हणून, नाहीतर राहिला असता. "नाही नाही साहेब, तुमच्याशिवाय कसं! तुम्ही आल्याशिवाय अग्नी देत नाही. चार वाजू देत, पाच वाजू देत. अण्णांना काय घाई आहे?"

फोन ठेवल्यावर तो खूश होऊन म्हणाला, "साहेब येणार. भाषणही करणार."

आरशात मला दिसत होतं, आई अण्णांच्या कपाळावरचे केस सारखे करत होती. गाडी उसळली की त्यांचं डोकं हले, आणि ती दोन्ही हातांनी धरून ठेवी.

हमरस्ता सोडून आम्ही गावाच्या फाट्याला लागलो. दोन्ही बाजूंनी ऊस, रस्ता अरुंद पण नवा, गुळगुळीत. तेवढ्यात पप्पू डिजिटलचा व्हिडिओ कॉल आला. पप्पू म्हणजे आमच्या भागातला फ्लेक्सवाला. वाढदिवस असो की तेरावा, माणूस मेला की जगला हे आधी पप्पूला कळतं. त्यानं फ्लेक्सचा नमुना पाठवला होता.

दादानं फोन स्टिअरिंगवर टेकवला. "पप्प्या, अण्णांचा हा फोटो नको. यात ते रागावल्यासारखे दिसतात."

"सगळ्याच फोटोत तसेच दिसतात, दादा," पप्पू आतून म्हणाला. "फेट्यातला टाकू का?"

"टाक. आणि खाली माझा फोटो थोडा मोठा कर. नाही, अण्णांपेक्षा मोठा नको रे, लोक काय म्हणतील! अण्णांएवढाच कर."

"आणि शोकाकुल मध्ये आबासाहेबांचं नाव वर की तुमचं?"

"साहेबांचं वर. आमचे अण्णा गेलेत, पण शोक साहेबांनाच जास्त झालाय असं दिसलं पाहिजे." आणि स्वतःच्याच विनोदावर दादा हसला.

मी हसले नाही, कारण मी समोर बघत होते. उसाच्या बांधावरून एक शेळी रस्त्यावर आली. तिच्यामागं दुसरी. मग पूर्ण कळपच, आणि कळपाच्या मधोमध डोक्यावर पाल्याचा भारा घेतलेली एक म्हातारी.

"दादा!"

"थांब गं! पप्प्या, तो फेटा जरा—"

"दादाऽऽ!"

त्यानं मान वर केली. तेव्हा म्हातारी इतकी जवळ आली होती की तिच्या नाकातली मोरणी मला दिसली. दादानं स्टिअरिंग गरकन फिरवलं. काहीतरी मऊ धडकल्याचा आवाज झाला. रस्ता गेला, आकाश आलं, मग ऊस आला, आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत तोंड घालून बाभळीला टेकून थांबली.

सगळं थांबल्यावर काही क्षण काहीच ऐकू येईना. माझ्या कपाळातून रक्त येत होतं. मागं वळून बघितलं तर डिकीची दोरी तुटून दार वर गेलेलं, गादी नाही, अण्णा नाहीत. आई सीटच्या पाठीशी मुडपून पडलेली, डावा हात भलत्याच दिशेला.

"आई!"

"हाय मी," ती दात दाबून म्हणाली. "ह्यास्नी बघ आधी. ह्ये कुठं गेलं?"

आणि माझा भाऊ, आबासाहेबांचा भावी उमेदवार, सीटखाली डोकं घालून चाचपडत होता. "फोन... माझा फोन कुठं गेला?"

ते वाक्य मी आजवर विसरले नाही. त्याला वाईट म्हणून सांगत नाही. माणूस पडला की पहिल्यांदा हात टेकतो ना, तसा त्याचा हात फोनकडं गेला. त्याला आम्ही दिसलोच नव्हतो अजून.

फोन माझ्या पायाशी होता. काच तडकली होती, पण आत पप्पू जिवंत होता. "दादा? दादा, फेटा भगवा ठेवू का गुलाबी?" मी तो कॉल बंद केला आणि फोन माझ्या पिशवीत टाकला.

ऊसतोडीची माणसं कोयते टाकून धावत आली. दोन मोटारसायकली थांबल्या. आईला त्यांच्यातल्या दोघी बायकांनी धरून बाहेर काढलं. तेवढ्यात बांधापलीकडून एकजण ओरडला, "आरं, म्हातारा हिकडं पडलाय! गादीसकट उडालाय!"

सगळे तिकडं पळाले. अण्णा उसाच्या सरीत व्यवस्थित गादीवर निजलेले होते. पांढरी चादर बाजूला झाली होती एवढंच. एकानं त्यांच्या तोंडात पाणी घातलं. दुसऱ्यानं मनगट धरलं आणि तो मागंच सरला. "गेला रं! थंड पडलाय!"

"इतक्यात थंड?"

"लाकूड झालाय, हात लावून बघ!"

मग जे समजायचं ते सगळ्यांना समजलं. गर्दी दादाकडं वळली. एकानं त्याची कॉलर धरली. "बापाला घेऊन चालला हुतास न्हवं? फोनवर बोलत? खाल्लास बापाला!"

"अहो, ते आधीच गेलेत!" दादा ओरडला.

"लाज वाटत न्हाई? वर खोटं बोलतोस?"

"खरंच सांगतो! सकाळीच गेलेत! दवाखान्यात!"

"मेलेला माणूस डिकीत घालून फिरवतोस व्हय रं?" म्हणत दुसऱ्यानं त्याच्या कानाखाली वाजवली. आणि तिसरा, लाल टी-शर्टवाला, हे सगळं फोनवर उतरवून घेत होता. "मित्रांनो, आत्ताच भीषण अपघात झालेला आहे, वृद्धाचा जागीच मृत्यू."

मी मध्ये पडायला गेले, पण माझं कोण ऐकतंय. शेवटी एका मुकादमानं सगळ्यांना गप्प केलं आणि आईला विचारलं, "आजी, तुम्ही सांगा. ह्ये मालक कधी गेलं?"

आई बांधावर बसली होती. हात पदरात बांधलेला, तोंड पांढरंफटक. तिनं दादाकडं बघितलं. एक चापट अजून बसू द्यावी असा विचार तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसला. मग ती म्हणाली, "सकाळी देवानं नेलं त्यास्नी. राहिलेल्या आमाला ह्यो न्यायला निघाला हुता."

कॉलर सुटली. लोक अण्णांकडं बघून हळूच चपला काढायला लागले.

तोवर पिशवीत हलगी वाजायला लागली. गावाकडनं सुनंदावहिनी, दादाची बायको. मी फोन घेतला तर ती हंबरडाच फोडत होती. "शालनताई, हे काय झालं! अण्णा अपघातात गेले म्हणे! सगळ्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय!"

"वहिनी, अण्णा सकाळी गेले ना. तुम्हीच तर मला धीर दिलात."

"हो, ते माहीत आहे मला! पण आता परत..." ती थांबली. "मग आम्ही आता किती रडायचं?"

त्या म्हातारीला सगळे विसरले होते. ती रस्त्याच्या कडेला बसली होती, पाल्याचा भारा विस्कटलेला, मांडीवर मेलेली शेळी. तिचं नाव ठकूबाई. तिला खरचटण्यापलीकडं काही लागलं नव्हतं. दादा तिच्यापुढं जाऊन हात जोडून उभा राहिला. "मावशी, चुकलं. तुमची शेळी मी भरून देतो."

ठकूबाईनं मान वर केली. रडत नव्हती. "शेळीचं ऱ्हाऊ दे. मला तुझं त्वांड दिसलं रं. गाडी अंगावर येत हुती आन् तू हासत हुतास. मी म्हटलं, कोण माझ्या वळखीचा हाय का काय."

दादाचे जोडलेले हात तसेच राहिले. मारानं जे झालं नव्हतं ते त्या वाक्यानं झालं. तो खाली बसला.

मुकादमानं ट्रॅक्टर आणतो म्हणून सांगितलं. एकानं पिकअप देतो म्हटलं. आईनं मान हलवली. पलीकडं बोरजाईवाडीची पाण्याची टाकी दिसत होती.

"आता गाडी नगं. ह्यास्नी खांद्यावर न्या. जाल्या, उठ. फुडं तू लाग."

"आई, तुझा हात मोडलाय. आधी तुला दवाखान्यात..."

"माझा हात माझ्यापाशी हाय. तू उठ."

ऊसतोडीच्या माणसांनी बैलगाडीचे बांबू काढून तिरडी बांधली. अनोळखी माणसं, पण अगदी घरच्यासारखं केलं. ज्यानं कॉलर धरली होती त्यानंच दुसऱ्या बाजूचा खांदा दिला. दादानं पुढचा बांबू खांद्यावर घेतला आणि सवयीनं दुसरा हात माझ्यापुढं केला. "शाले, फोन दे. साहेबांना उशीर कळवायला पाहिजे."

"शाले," आई मागून म्हणाली, "दिऊ नगस."

मी दिला नाही. आईला मोटारसायकलवर बसवून पुढं गावच्या डॉक्टरकडं पाठवलं आणि आम्ही निघालो. दुपारचं ऊन, डांबर तापलेलं. हलगी वाजतच होती. मी एकेक फोन घेत होते. चेअरमनला सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं. आबासाहेबांच्या पी.ए.चा आला. "जालिंदररावांना द्या, साहेब लाइनवर आहेत."

"त्यांना येता येणार नाही. अण्णांना खांदा दिलाय."

"दोन मिनिटं फक्त."

"दोन मिनिटं अण्णांना कुठं ठेवू?" मी म्हटलं. फोन कट झाला. मग मी त्याचं बटण दाबून धरलं आणि तो पूर्ण बंद केला.

आणि एकदम शांत झालं. चपलांचे आवाज आणि बांबूची करकर. एवढंच. दादा थोडा वेळ तसाच चालला. मग मला त्याची पावलं अडखळताना दिसली. त्यानं मान वळवून खांद्याशी आलेल्या अण्णांच्या चेहऱ्याकडं बघितलं. इतक्या जवळून तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

"शाले," तो म्हणाला, "अण्णा गेले गं."

सकाळपासून सगळ्या तालुक्याला त्यानं हेच सांगितलं होतं. शंभरदा सांगितलं असेल. पण आता तो चालता चालता लहान पोरासारखा ओरडून रडायला लागला. शेजारचा ऊसतोडीवाला म्हणाला, "बदलू का खांदा?" दादानं मान हलवली आणि बांबू आणखी घट्ट धरला.

आमच्याकडं बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले, कारण फोन माझ्याकडं होता आणि तो दादाच्या हातात पडू द्यायचा नाही हा आईचा हुकूम होता. आबासाहेब वेळेवर, म्हणजे सगळे कंटाळल्यावर आले. पांढऱ्या गाड्यांची रांग, मोठा हार. व्हिडिओ त्यांनीही बघितला होता; दादाशी आधी झालेला फोन मात्र ते सोयीनं विसरले होते. सरणाशेजारी उभं राहून त्यांनी भाषण सुरू केलं.

"आज एका कष्टाळू माणसाचं अपघाती निधन झालं. हा अपघात नाही, बंधूंनो. या रस्त्यांची जी दुरवस्था आमच्या विरोधकांनी केलेली आहे, त्या रस्त्यानं घेतलेला हा बळी आहे! या खड्ड्यांना जबाबदार कोण?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. काहींना अण्णा सकाळी गेल्याचं माहीत होतं. काहींना रस्ता नवा असल्याचं माहीत होतं. पण साहेबांना मध्ये तोडायचं कुणी? आबासाहेबांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच खांद्यावर, सुजलेल्या. "हा रस्त्याचा प्रश्न घेऊनच आपला जालिंदर उद्या तुमच्यासमोर येणार आहे."

म्हणजे तिकीट दिलं होतं. तिथंच, सरणाशेजारी. मला वाटलं, झालं. आता हा हात जोडणार.

दादानं त्यांचा हात हळूच खांद्यावरून काढला. आवाज बसला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"रस्ता चांगला आहे साहेब. एक खड्डा नाही. अण्णा पहाटे दवाखान्यातच गेले. अपघात मी केला. मी फोनवर फ्लेक्स बघत होतो आणि हसत होतो."

आबासाहेबांचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. पी.ए.नं हार पुढं केला. तो त्यांनी अण्णांवर ठेवला आणि गाड्यांची रांग निघून गेली. दादानं अग्नी दिला.

तिकीट अर्थात दुसऱ्यालाच मिळालं. दादावर केस झाली, लायसन्स गेलं, कोर्टाच्या खेपा झाल्या. आईचं हाड वाकडं जुळलं, अजून थंडीत ठणकतं. ठकूबाईला त्यानं शेळी नेऊन दिली, तर तिनं ती दारात बांधून घेतली पण त्याला बस म्हणाली नाही. हे सगळं पुढचं.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई गळ्यात हात अडकवून भिंतीला टेकून बसली होती. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. तिनं विचारलं, "काय झालं थितं?" मी सगळं सांगितलं. साहेबांचं भाषण, रस्ता, दादा काय बोलला ते, शब्दन्‌शब्द.

मला वाटलं, आता तरी ती रडेल.

"कुठं हाय त्यो?"

"बाहेर ओट्यावर बसलाय. आत यायला घाबरतोय."

"बलीव त्याला," ती म्हणाली. "आन् ताट वाढ. सकाळपास्नं नुस्ता फोनच खाल्लाय त्यानं."